पुढच्याची बेल

सायकलवर काहीतरी लिहून द्या, असं आमच्या भागातल्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं. "गमतीजमती लिहा काका, टॉवरमधल्या लोकांना ठाऊक नसतात." बाई भल्या आहेत, नाही म्हणवेना. गमती आहेतच, त्या सांगतो. पण मी बोलण्यात कच्चा माणूस. आणि लिहायला बसलं की बोलताना जे टाळत आलो तेच नेमकं पुढ्यात येऊन बसतं. तेव्हा थोड्या गमती, आणि एक गोष्ट गंमत नसलेली, असं समजून वाचावं.

मी तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहे. सफरचंद, द्राक्षं, मिरची, चिंच असला माल ज्या खोल्यांत थंड ठेवतात, त्या खोल्या थंड ठेवणारी यंत्रं मी चालवतो. राहायला घणसोली गावात. घराला घर चिकटलेलं जुनं गावठाण. खाली दुकान, वर भाडेकरू, आणि मान वर केली की टॉवर. मी साताऱ्याकडचा. लग्न झाल्यावर इथे भाड्याने खोली घेतली, तेव्हापासून इथेच. आणि तेव्हापासून घर ते काम सायकलनेच. सुरुवातीला परवडत नव्हतं म्हणून, पुढे सवय म्हणून. आता लोक विचारतात, फिटनेससाठी का? मी हो म्हणतो. तेवढंच एका शब्दात उत्तर होतं.

सायकलने कामाला जाणं हे एक वेगळं कामच असतं. पगार मिळत नाही एवढंच. रस्त्याची आमची ओळख वेगळी. गाडीवाल्याला रस्ता म्हणजे सिग्नल आणि वळणं. आम्हाला कुठल्या गटाराचं झाकण डगमगतं, कुठल्या शाळेची बस दार उघडताना मागे बघत नाही, कुठल्या सोसायटीचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरोखर येतो, हे पाठ असतं. तुर्भ्याच्या घाऊक मार्केटच्या जवळ आलं की डोळे जमिनीवर. फळांची खोकी फुटतात, त्यांचे खिळे रस्त्यावर पडतात. हापूसच्या दिवसात तर पंक्चरवाला मला पाहून हात वर करायचा, "या साहेब, आंबा खाल्ला का टायरनं?" पुढे भाजीच्या गेटाजवळ कोबीची पानं. ओल्या कोबीच्या पानावर ब्रेक मारला की माणूस जातो एकीकडे, सायकल दुसरीकडे, आणि डबा तिसरीकडे. माझा डबा एकदा थेट भोपळ्यांच्या ढिगात गेला. भाजीवाली म्हणाली, "घ्या, तुमचा पण माल आला."

मे महिन्यात मी हँडलला स्वेटर अडकवून निघतो. थंड खोलीत शिरावं लागतं ना. एका सिग्नलला मोटरसायकलवाल्याने विचारलं, "काका, काश्मीरला चाललाय?" मी म्हणालो, "हो, तुर्भेमार्गे." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात हजरजबाबी क्षण. बायकोला सांगितला तर ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी बोललं असेल, तुम्ही ऐकलं असेल."

एका टॉवरमध्ये आमच्या साहेबांकडे किल्ली पोचवायला गेलो होतो. वॉचमनने सायकल गेटच्या आत घेऊ दिली नाही. तेवढ्यात माझ्यासारखीच सायकल, म्हणजे दोन चाकं आणि एक सीट असलेली, पण घट्ट कपडे घातलेल्या माणसाची, आत गेली. मी वॉचमनकडे बघितलं. तो म्हणाला, "ती स्पोर्टची आहे. तुमची कामाची आहे." यात त्याने काही वाईट म्हटलं नाही. उलट मला बरं वाटलं, तेही सांगून टाकतो.

आता मूळ गोष्ट.

आम्ही तिघे होतो. मी, पदूदा आणि इक्बालभाई. इक्बालभाई मूळचा रायगडच्या किनाऱ्याकडचा, मसाला मार्केटमध्ये कामाला. तो जवळ आला की हळद-धण्याचा वास आधी यायचा. पदूदा घणसोलीचाच, आगरी. शहर वसवायला जमिनी गेल्या, भाऊबंदांनी बिल्डिंगा बांधल्या, हा मात्र फळ मार्केटला कामाला जात राहिला. म्हणायचा, "घरात बसून भाडं मोजीत बसनारा मानूस लवकर मरतो." त्याच्याच चुलतभावाच्या घरात माझी खोली. पदूदा माझ्याहून वयाने मोठा, पण आम्ही एकमेकांना अरेतुरेच करायचो. 'दा' हा नुसता मानाचा.

त्याचं काम कलिंगडाचं. ट्रकातून कलिंगडं उतरली की तो प्रत्येकावर एक टिचकी मारायचा, कान जरा जवळ न्यायचा, आणि फळ उजवीकडे, डावीकडे किंवा मागे सरकवायचा. तयार, कच्चं, उतरलेलं. एक टिचकी, बस. दुसरी कधी मारायचा नाही. मी एकदा विचारलं, काय ऐकू येतं रे? म्हणाला, "तुझ्या बायकोचा मूड कसा वलखतोस? दारावरच्या थापेवरून ना? तसाच."

रोज सकाळी आम्ही गावातल्या तळ्यापाशी जमायचो आणि एकामागे एक निघायचो. असं एका रांगेत जाण्याची आमची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुढे असेल तो 'पुढारी'. आठवड्याला पुढारी बदलायचा. खाडीचा वारा त्याने छातीवर घ्यायचा आणि मागच्यांनी त्याच्या आडोशाने, अगदी चिकटून चालवायचं, दम वाचतो. पण इतकं चिकटून चालवलं की मागच्याला रस्ता दिसत नाही. म्हणून नियम असा, की मागच्याने रस्ता बघायचाच नाही, पुढच्याचं मडगार्ड बघायचं. रस्ता बघण्याचं काम पुढाऱ्याचं. खड्डा आला की त्याने एक बेल मारायची आणि ज्या बाजूला खड्डा असेल तो हात खाली सोडायचा. मागच्याने काही विचार न करता दुसरीकडे वळायचं. उशिरा येऊन मागे जोडला जाणाऱ्याने एक बेल मारायची, आलो म्हणून. पुढाऱ्याने एक बेल मारून उत्तर द्यायचं, घेतला म्हणून. कुणी बसून ठरवलं नव्हतं हे. होता होता झालं. मार्केटला जाणाऱ्या आणखीही लोकांची अशीच काही ना काही रीत असेल.

यात मजा काय होती सांगू? जो मागे असतो त्याला जवळजवळ झोप लागल्यासारखं वाटतं. डोळ्यांपुढे एक मडगार्ड, कानात एक बेल. बाकी सगळी काळजी दुसऱ्याची. दिवसभरात तेवढाच वेळ मला कसली काळजी नसायची.

त्या वर्षी नवरात्र संपलं होतं, दिवाळी यायची होती. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. सणाला नाही, भांडून. भांडण असं की ती महिनोन् महिने म्हणत होती, तुम्ही माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं. आणि त्यावरही मी काही बोललो नव्हतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पदूदाला नाही, इक्बालभाईला नाही. विचारलं तर सांगायचो, सासूबाईंना बरं नाही.

संध्याकाळी सुटताना आम्ही मार्केटबाहेर एका टपरीवर चहा प्यायचो. त्या दिवशी टपरीवर बरीच मंडळी होती, हमाल, ड्रायव्हर, दोन-चार गाळ्यांवरची माणसं. इक्बालभाई भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. पदूदा रंगात होता. कुणीतरी मला काहीतरी विचारलं, मी मान हलवली. झालं. पदूदा म्हणाला, "ह्याला नका विचारू रं. ह्यो मुका हाय. ह्याची बायको एकटीच दोगांचा बोलते म्हनून ह्याचा संसार चाललाय. ती गेली ना, तर ह्यो घरात भांडी वाजवून बोलंल!"

सगळे हसले. मीसुद्धा हसल्यासारखं केलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. रोजचीच थट्टा होती ती. पण आदल्याच रात्री मी रिकाम्या घरात ताट घासताना मुद्दाम जोरात आपटलं होतं, आवाज यावा म्हणून. त्याने ते पाहिल्यासारखं मला वाटलं. घरी जाताना मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नसेल. मी न बोलणं म्हणजे काय विशेष?

सकाळी पुढारी मी होतो. आम्ही दोघेच. तो मागे चिकटला, बेल मारली, मी उत्तर दिलं. पुढे कोपरखैरण्याकडे रस्त्याला एक चर खणलेली होती, कसल्यातरी केबलसाठी. काम झाल्यावर माती लोटली होती, ती खचली होती. ती मला लांबूनच दिसली. चांगली दिसली. नंतर कधी मनाशी म्हणायचा प्रयत्न केला की अंधुक होतं, झाडाची सावली होती. नव्हती. मला ती दिसली आणि माझा अंगठा बेलवर गेला. आणि मनात आलं, मुका म्हणतोस ना? मग मुका तर मुका.

मी नुसता वळलो. बेल नाही, हात नाही.

तो पडावा असं मला वाटत होतं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्न गुळगुळीत झालाय. मला वाटतं, त्याला दचका बसावा, चार शिव्या द्याव्यात, आणि मी म्हणावं, मुका माणूस बेल कशी वाजवणार? एवढंच असावं. पण 'असावं' म्हणण्यापलीकडे मी जाऊ शकत नाही.

आवाज आला. मागे वळलो तर तो दुभाजकाला टेकून पडला होता. पुढचं चाक दुमडलेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. कानावरून रक्त येत होतं, डोकं दगडाला घासलं होतं. मी त्याला बसवलं. पाणी पाजलं. तो माझ्याकडे बघत होता, शिवी नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला,

"बेल वाजवलीस का रं?"

आणि मी म्हणालो, "वाजवली की. दोनदा."

पहिला शब्द घाबरून निघाला असेल. पण ते 'दोनदा' कुठून आलं? आमच्यात खड्ड्याला दोनदा बेल मारतच नाहीत. खोट्याला टेकू लागतो, तो मी लगेच लावला. आयुष्यभर ज्याला बोलताना शब्द सापडले नाहीत, त्याला तेव्हा एक जास्तीचा शब्द सापडला.

पदूदाने कानावरचं रक्त हाताने पुसलं. म्हणाला, "मना आयकूच आली नाय."

खांदा दिवाळीनंतर सांधला. माझी बायको तोवर परत आली होती. तिला मी अपघाताचं सांगितलं, बाकीचं नाही. पदूदाचा खांदा बरा झाला, कान मात्र गेला. म्हणजे गेला नव्हता. त्याला वाटलं, गेला. डॉक्टरने कानात शिट्ट्या वाजवून बघितलं, म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. पदूदाने मला सांगितलं, "डॉक्टर खोलीत शिट्ट्या वाजवतो. रस्त्यावर दोनदा बेल वाजली ती मना आयकू आली नाय, त्याचा काय? तू काय खोटा बोलशील?"

मी त्याच्यासमोर बसलो होतो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, चहा दिला होता. मी म्हणालो, "पडल्यामुळे झालं असेल, येईल परत."

तो कामावर गेला आणि कलिंगडाला टिचकी मारली. मग दुसरी मारली. हे मी स्वतः पाहिलं, डबा द्यायच्या निमित्ताने गेलो होतो तेव्हा. दुसरी मारली, मग दुसऱ्या कानाजवळ नेऊन तिसरी. फळ उजवीकडे ठेवलं, परत उचललं, डावीकडे ठेवलं. ट्रकवाले खोळंबले. गाळेवाला चांगला होता, काही बोलला नाही. पदूदाच एका सीझनच्या शेवटी त्याला म्हणाला, शेट, माझा आता भरवसा नाय, दुसरा मानूस बघा. शेटने त्याला गोदामाच्या गेटवर बसवलं. खुर्ची, काठी, रजिस्टर. तो तिकडे बसने जायला लागला. बेल ऐकू न येणाऱ्या माणसाने सायकल चालवायची नाही, असं त्यानेच ठरवलं.

आणि त्याची सायकल त्याने मला दिली. चाक नवं बसवून, तेलपाणी करून. जुनी काळी, दणकट, मोठी पितळी बेल असलेली. माझी सायकल खिळखिळी झाली होती हे खरं. म्हणाला, "तुझी मोडकी हाय. ही घे. ही बेल तरी लोकांना आयकू जाईल."

घेतली. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

त्या सायकलवर मी वर्षानुवर्षं कामाला गेलो. आणि मी असा पुढारी झालो की विचारू नका. कागद दिसला तरी बेल. ओला डाग दिसला तरी बेल. इक्बालभाई वैतागायचा, "अरे भाई, तू बोलतो कमी आणि घंटी वाजवतो जास्ती. रस्ता आहे का देऊळ?" पण तेव्हापासून इक्बालभाई कधी माझ्या मागे चिकटला नाही. शेजारून चालवायचा. गावाहून परत आला त्या पहिल्या दिवशी त्याने एकदाच विचारलं होतं, "तू घंटी मारली होतीस ना?" मी हो म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि सायकल शेजारी घेतली. पुढे तो काम सोडून गावी गेला, पण माझ्या मागचा आडोसा त्याने घेतला नाही तो नाहीच.

नव्या लोकांना हे काय माहीत? मार्केटला, कंपन्यांत जाणारे आणखी काही सायकलवाले मला जोडले गेले. माझं नाव झालं. काकांच्या मागे चला, काकांच्या मागे कुणी पडत नाही. ऐकलं की मी आणखी एक बेल मारायचो. एखाद्या माणसाला भीतीने सवय लागावी आणि लोकांनी तिला गुण म्हणावं, तसं होतं ते.

यंदा टॉवरमधल्या सायकलवाल्यांच्या एका ग्रुपने रविवारी सकाळी बागेत कार्यक्रम ठेवला. रोज कामाला सायकलने जाणाऱ्यांचे अनुभव. मला बोलावलं. मी नको म्हणत होतो. एक मुलगी घरी येऊन बायकोलाच सांगून गेली. बायको म्हणाली, "जा. चार वाक्यं बोललात तर माझ्या जन्माचं सार्थक." पदूदाही आला. "तू बोलनार? मना आयकू नाय आला तरी बघायला येतो."

मी उभा राहिलो. खिळे, कोबी, काश्मीर एवढं सांगितलं. लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं, काका इतकी वर्षं चालवतात, त्यांच्या मागे कुणी पडलेलं नाही, त्याचं गुपित काय?

तेवढ्यात मागच्या बाकावरून पदूदा उठला.

"मी पडलोय," तो म्हणाला. "ह्याच्या मागं मीच पडलोय. पन ह्याची चूक नाय. ह्याने दोनदा बेल वाजवली. माझा कान गेला होता, मना आयकू आली नाय. तवा मी सांगतो पोरांनो, ते कानात घालता ना तुमी, ते काढा. आनि ह्याच्या मागं डोले मिटून जावा."

टाळ्या वाजल्या. मुलांनी खरंच कानातल्या त्या वस्तू काढून हसत वर धरल्या. पदूदा खूश होऊन बसला. मी माइक खाली ठेवला.

तिथेच बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर त्याने माझी बाजू घेतली, सगळ्यांसमोर मी ती परत द्यायला हवी होती. नाही जमलं. बुके घेतला आणि खाली बसलो. ही चूक जुनी नाही, यंदाचीच आहे.

परत येताना मी सायकल हातात धरून चालत होतो, पदूदा शेजारी. तळ्यापाशी आलो. जिथून आम्ही निघायचो तीच जागा. पदूदा कार्यक्रमाचंच बोलत होता, ती पोरगी हुशार हाय, वडा गरम होता. मी थांबलो.

"पदूदा, मी बेल वाजवली नव्हती."

"आं?"

"त्या दिवशी. चर मला दिसली होती. बेल वाजवली नाही. मुद्दाम."

त्याने माझ्या हातातल्या सायकलकडे बघितलं. मग म्हणाला, "का रं?"

मी सांगितलं. टपरी, मुका, बायको माहेरी गेलेली, सगळं. मोठ्याने सांगताना ते इतकं लहान वाटलं की मलाच लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी? मी बोलत गेलो. डॉक्टरचं, कलिंगडाचं, सायकलचं. आयुष्यात कुणाशी एवढं सलग बोललो नसेन. शेवटी म्हणालो, "तुझा कान कधीच गेला नव्हता."

पदूदाने माझ्या हातातून हँडल काढून घेतलं. ओढून नाही, साधं, आपली वस्तू घ्यावी तसं. अंगठा बेलवर ठेवला आणि एकदा वाजवली. मान जरा कलती करून थांबला, कलिंगडाजवळ थांबायचा तसा. आवाज पार विरेपर्यंत थांबला. मग पुन्हा एकदा वाजवली.

"दोनदा," तो म्हणाला.

आणि सायकल घेऊन चालू लागला. मी मागे गेलो नाही.

तो माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसलो तर मान फिरवत नाही, बघतो, पण बोलत नाही. वहिनी बोलतात, पण दारातच. हे लिहायचं ठरवलं तेव्हा वहिनींकरवी विचारलं. त्यांनी निरोप आणला: "ते बोलले, लिवायचा असंल तर बागेतल्या टाल्यांचा पन लिव." लिहिलं.

गाळ्यावर आता दुसरा माणूस आहे. ते काम पदूदाला परत मिळणार नाही, त्याने मागितलंही नसावं. त्या सगळ्या वर्षांचं मी काही करू शकत नाही. पण परवा गावात हातगाडीवर कलिंगडं आली होती. पदूदा उभा होता. मी लांब थांबलो. त्याने एकावर टिचकी मारली, कान जवळ नेला, आणि उचललं. दुसरी टिचकी मारली नाही.

मी एक जुनी सायकल घेतली आहे. तो आपल्या सायकलने गोदामावर जायला लागला आहे. वेळ आमची एकच, रस्ताही एकच. पहिले काही दिवस मी मुद्दाम थांबून, उशिरा निघायचो. मग एका सकाळी तळ्यापाशी तो पुढे दिसला आणि मी काय करतोय ते कळायच्या आत पायडल मारून मागे गेलो. बेल वाजवली, एकदा, आलो म्हणून. त्याने उत्तर दिलं नाही. मागे वळूनही बघितलं नाही. मी वेग कमी करणार होतो. पण वारा होता, त्याची पाठ रुंद आहे, आणि मी तसाच चिकटून राहिलो.

कोपरखैरण्याच्या अलीकडे पेव्हर ब्लॉक उखडले आहेत. मला ते दिसत नव्हते. बेल वाजली. एकदाच, स्वच्छ. त्याचा डावा हात खाली आला. मी उजवीकडे वळलो.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. 'आलो'ची माझी बेल तशीच राहते, तिला उत्तर नाही. चहाला थांबणं नाही, एक शब्द नाही. पण खड्डा आला की बेल वाजते आणि हात खाली येतो. एकाही खड्ड्याची बेल त्याने चुकवलेली नाही.

मी रस्ता बघत नाही. त्याचं मडगार्ड बघतो.